भिकाचा टाक

आळेफाटा, १४ मार्च १९९८

चि. भरत यास,

प्रभूच्या नावाने सलाम. हा शब्द वाचून तू पत्र फाडशील हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिला. फाडायचं असेल तर आत्ताच फाड.

नाही फाडलंस ना? मग ऐक. तू वापीला पोचलास, कंपनीत लागलास, हे मला गॅरेजवर आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं. सख्ख्या भावाची खबर परक्याच्या तोंडून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यासाठीच. बापाचा स्वभाव उचललास तो नेमका वाईट तेवढा.

जाताना तू माझी गचांडी धरलीस, ते मी सोडून दिलं. पण वाडीत सांगत गेलास की सोपान कशाच्या तरी आमिषाने तिकडे गेला. आमिष काय होतं ते तुला चांगलं माहीत आहे. सहा वर्षं मी दारू पिऊन फाट्यावरच्या गटाराच्या कडेला पडलेला असायचो. भावकीतला एक जण नाकाला धोतर लावून जायचा, दुसरा हसून जायचा. भैरवनाथचुलते तर ओलांडून गेले एकदा. साळवे पाळकांनी मला उचलून गॅरेजमागच्या त्यांच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. त्यांच्या बायकोने माझं बरबटलेलं तोंड पुसलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न होता, "जेवलात का?" धर्माचं नाव त्यांनी पुढे चार महिने काढलं नाही. मीच काढलं. आज रोहिणीला नवरा आहे आणि माझ्या हातात पुन्हा पाना आहे.

राहिली गोष्ट देवांची. थोरला म्हणून बापाच्या माघारी नऊ टाक माझे झाले. खंडोबा, बिरोबा, भैरोबा, सगळे. देव्हारा आईच्या घरात होता एवढंच. आई महाशिवरात्रीला बायकांबरोबर भीमाशंकरला गेली, तेव्हा मी ते लाल फडक्यात बांधले आणि वाडीखालच्या डोहात सोडले. मानाने सोडले. तुला हवे होते तर आधी मागायचे होतेस.

आई खंडोबा-बिरोबाबद्दल चकार शब्द काढत नाही. तिचं एकच, भिकाचा टाक. आपला भिका काविळीने गेला त्याला अकरा वर्षं झाली. बिनलग्नाचा गेला म्हणून बापाने त्याचा टाक करून देवांत बसवला. बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस ठोकलेला. भिका जन्मात घोड्यावर बसला नव्हता. सोनाराकडे सगळ्या मेलेल्या पोरांना एकच ठसा असतो. पण आईला तो भिकाच. काल धुळवड होती. दरवर्षी ती त्याला नदीवर आंघोळ घालते, हळद लावते, काय खाल्लंस म्हणून विचारते. काल ती रिकामं ताम्हण घेऊन गेली आणि रिकामंच धुऊन आणलं.

मला ती दारात उभं करत नाही. तू ये आणि तिला समजाव.

तुझा,
सोपान


आळेफाटा, २ मे १९९९

भरत,

तू आईला पत्र पाठवतोस आणि शेजारच्या इंद्रायणीकडून वाचून घ्यायला लावतोस, हे कळलं. मला एक ओळ नाही. ठीक आहे. पण एक काम कर. तिला लिही की डोहात उतरू नकोस.

उन्हाळ्याने पाणी आटलं तशी ती रोज सकाळी घमेलं आणि धान्याची चाळण घेऊन डोहावर जाते. कडेची वाळू उपसते, चाळते, बाजूला ओतते. मागच्या उन्हाळ्यातही गेली होती म्हणे, मला कोणी सांगितलं नाही. मेंढरं राखलेल्या बाईचे हात आहेत, दमत नाहीत. नखं मात्र उरलेली नाहीत. वाळूवाले ट्रॅक्टर उभे करून तिला विचारतात, "म्हातारे, काय हुडकतीस?" ती सांगते, "थोरल्यानं मधल्याला पाण्यात सोडलाय. त्याला काढती." सगळ्या पंचक्रोशीत माझी ही कीर्ती.

मी एकदा गेलो. म्हटलं, "आई, पाण्यानं कुठल्या कुठं नेलं आसंल. नको खोदू."

ती म्हणाली, "फडक्यात बांधून सोडलं म्हनलास ना? मंग जड व्हतं. जड लांब जात न्हाई."

फडक्याचं मीच सांगून बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण.

तुझं ती ऐकते. लिही तिला.

सोपान


आळेफाटा, २८ डिसेंबर २०००

भरत,

नाताळ झाला. शेड आता शेड राहिलेली नाही, भिंती आल्या, फरशी आली. पाळकांनी या वर्षी वाडीवाडीत जाऊन सांगितलं, कोणीही या, जेवायला या, तुमचे देव तुमच्यापाशी राहू द्या. आणि लोक आले. ज्यांनी मला वाळीत टाकायची भाषा केली होती ते भैरवनाथचुलतेही आले आणि तीन वेळा बुंदी मागून घेतली. कोणाला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. माणूस दारात आला की साळवेबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे. मी हे सगळं पाहत होतो आणि मला खरंच अभिमान वाटत होता. आई आली नाही.

ती डोहावर होती. पाणी थंडगार, गुडघ्याएवढं. नाताळाच्या दिवशी.

भरत, आता जे लिहितो ते वाचून पत्र जाळ. त्या डोहात काही नाही.

मी टाक सोडलेच नाहीत. पाळक मला म्हणाले होते, "देव भावाच्या हाती दे. त्याचा त्यांच्यावर विश्वास आहे, त्याचा मान राख." मी हो म्हटलं. पण तू माझी टिंगल करत होतास आणि मला तुला काही द्यायचं नव्हतं. मंडळीत दर रविवारी कोणी ना कोणी काही घेऊन यायचं, कोणी सतरंजी, कोणी घड्याळ. माझ्याकडे सहा वर्षांच्या दारूनंतर उरलं काय होतं? प्रभुभोजनाला आम्ही द्राक्षाचा रस स्टीलच्या पेल्यात घ्यायचो, कडेला पोचा आलेला. मी ते नऊ टाक आणि रोहिणीचे पैंजण जुन्नरला नेले. सोनाराला म्हटलं, झिजलेत, मोडून नवे करायचेत. असं लोक करतातच, त्याने मुकाट्याने वितळवून गोळा दिला. तो गोळा दुसऱ्या गावच्या कारागिराकडून घडवून घेतला. चांदीचा प्याला. त्या वर्षीच्या ईस्टरला मी तो पाळकांच्या हातात दिला आणि उभं राहून साक्ष दिली की पूर्वजांची चांदी होती, प्रभूला दिली. देव होते हे बोललो नाही. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्याला ओळीतून फिरवायचा मान माझा आहे.

आणखी एक लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. प्रभूसाठी केलं हे अर्धंच खरं. मी गटारात पडलेला असायचो तेव्हा आई संध्याकाळी त्या पत्र्यापुढे दिवा लावून बसायची. मेलेल्या पोराशी बोलायची. जिवंत पोराला शोधायला ती फाट्यापर्यंत एकदाही आली नाही. मला त्या टाकाचा राग होता. भिकाचाच राग होता म्हण.

तिला हे तू सांग. मला जमत नाही.

सोपान


आळेफाटा, २८ एप्रिल २००३

भरत,

तुझं कार्ड मिळालं होतं. पाच वर्षांत एक कार्ड आणि त्यावर एक ओळ, "तू केलंस, तू सांग." ते मी दोन वर्षं खिशात घेऊन फिरलो. सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात वाटायचं, यंदा ती दमेल.

या वर्षी पाऊसच झाला नाही ते तुला माहीत असेल. कधी न आटणारा डोह आटला. तळ उघडा पडला, भेगा पडल्या. आईला वाटलं, आता सापडणारच. सकाळी गेलेली बाई दिवस मावळेपर्यंत परतेना म्हणून रोहिणीने मला गॅरेजवरून बोलावून घेतलं. मी गेलो. ती तळाशी मधोमध बसली होती. सगळा डोह हातभर खणलेला, शेत नांगरावं तसा. चाळण फाटली होती.

ती म्हणाली, "सोपाना, सगळा बगितला. आता खरं सांग."

मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं ती दगड उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, "म्हंजी हितं कदीच नव्हता?"

"नाय."

"पाच वरसं तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

मग बराच वेळ ती हाताची माती काढत बसली. म्हणाली, "त्या प्याल्यात भिका कंचा?"

मी म्हटलं, "आई, सगळं एकत्र वितळलं. येगळं न्हाई काडता येत."

"म्हंजी देवांच्या संगट हाय. एकला न्हाई," असं म्हणून ती उठली. "मला त्यो एकदा हातात दे. बास. दुसरं काय मागत न्हाई."

तिला चढ चढवेना. मी हात पुढे केला, तिने धरला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

वाटेत मी म्हटलं, "आई, हे कुणापाशी बोलू नको. मंडळीत माझी लई बेअब्रू व्हईल." ती म्हणाली, "न्हाई बोलत." आजवर तिने ते पाळलं आहे.

सोपान


आळेफाटा, ४ ऑगस्ट २००३

भरत,

तू विचारशील, प्याला आणून तिच्या हातात का दिला नाहीस. तो पाळकांच्या कपाटात असतो, किल्ली त्यांच्यापाशी. "पाळकसाहेब, माझ्या आईला प्याला बघायचाय," एवढं म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलंही नसतं. पण मला वाटायचं, ती तो छातीशी धरून रडेल आणि सगळं बाहेर येईल. चोराच्या मनात चांदणं.

मी तिला सांगितलं, तू रविवारी उपासनेला ये. ती आली. तिचं स्वागत कसं झालं म्हणून सांगू? साळवेबाईंनी तिला हाताला धरून पुढे बसवलं, पाठीला उशी दिली. तरण्या पोरींनी तिच्या पाया पडून नाव विचारलं. "तानूबाई आल्या," म्हणून पाळकांनी प्रार्थनेत नाव घेतलं. आईने प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत. ती प्याल्याकडे बघत होती.

आमच्याकडे दार सगळ्यांना उघडं आहे, पण प्याला फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. हा नियम मी केलेला नाही. मेच्या पहिल्या रविवारी मी प्याला घेऊन ओळीतून निघालो. तिच्यापाशी आलो. तिने दोन्ही हात पुढे केले, प्रसादाला करतात तसे. मी तिला ओलांडून शेजारच्या बाईकडे गेलो. नियमच तसा आहे, भरत. ती हात तसेच धरून बसली होती.

जूनमध्ये तेच. जुलैमध्ये तेच. काल तिने हात पुढे केलेच नाहीत. उपासना झाल्यावर पाळकांना म्हणाली, "मला बी पाणी द्या. काय शिकायचं आसंल त्ये शिकवा."

त्यांनी आनंदाने विचारलं, "तानूबाई, तुम्हाला प्रभूने बोलावलं का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलावलं म्हनूनच आले."

खोटं नव्हतं ते. फक्त कोणी बोलावलं ते मला ठाऊक होतं आणि तिला.

सोपान


आळेफाटा, १६ डिसेंबर २००३

भरत,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. आईच्या पिशवीत ठेवतो आहे. रोहिणी तिला नाशिकच्या गाडीने घेऊन येते आहे, पुढे वापीची गाडी बघतील. मी येत नाही. ती मला घेऊन येऊ देणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

चार महिने ती पाळकांकडे शिकायला जात होती. अक्षर न ओळखणारी बाई ऐकून ऐकून प्रभूची प्रार्थना शिकली. मध्येच विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वाडीत कळलं. इंद्रायणी येईनाशी झाली. भैरवनाथचुलते येऊन म्हणाले, "वयनी, पानी घेतलं तर दादाच्या दगडाशेजारची जागा इसरायची." बापाला जिथे ठेवला तिथे तिची जागा ठरलेली आहे हे तुला माहीत आहे. आई म्हणाली, "इसरले." तिने एवढं सोडलं. आणि एवढं सगळं होईपर्यंत मी रोज पाळकांना नमस्कार करत होतो, त्यांच्याशी बोलत होतो, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला दिसत होती.

७ तारखेला तिचा बाप्तिस्मा झाला. पांढरं लुगडं नेसली होती. थंडीने कुडकुडत होती तरी केस पुसायला थांबली नाही, ओलीच जाऊन ओळीत बसली. मी प्याला घेऊन तिच्यापाशी आलो आणि तिच्या हातात दिला.

ती प्यायली नाही. तिने प्याल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, आतून फिरवला, बुडाखालून फिरवला. रस तिच्या लुगड्यावर सांडला. मग प्याला गालाला लावून ती हळू आवाजात म्हणाली, "काय खाल्लंस रं?"

मंडळीत चाळीस-पन्नास माणसं. पुढच्या ओळी वळून बघायला लागल्या. नव्या आलेल्या दोन बायका हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. मी हात पुढे केला. म्हटलं, "आई, दे." तिने मान हलवली. मी प्याला धरला. तिने छातीशी घट्ट आवळला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, भरत. ती बोटं आता सरळ होत नाहीत, खोदून खोदून वाकडी झालेली आहेत. मला जोर लावावा लागला. त्या वेळी कोणी काही बोललं नाही. प्याला सुटला तेव्हा तिच्या तोंडून आवाज आला. भिका गेला त्या दिवशी आला होता तसाच.

मी उरलेला रस पुढच्या ओळीला दिला. फिरवून झाला. प्याला जागेवर नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून ती जेवत नाही. थोडं पाणी घेते. रोहिणीला राहवलं नाही, तिने जाऊन पाळकांना सगळं सांगितलं. ते त्याच दिवशी प्याला धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधून वाडीवर आले. आईच्या पायाशी जमिनीवर बसले. म्हणाले, "तानूबाई, हा तुमचा आहे. मंडळीला मी सांगितलंय, आम्हाला स्टीलचा पुरतो. आम्हाला माहीत असतं तर तुम्हाला एक दिवसही थांबावं लागलं नसतं." मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. भैरवनाथचुलत्यांनी जोडा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

आईने प्याल्याला हात लावला नाही. म्हणाली, "न्या माघारी. म्या त्याला धरून ठिवला न्हाई. आता कंच्या तोंडानं घिऊ?"

पाळकांनी खूप समजावलं. ती भिंतीकडे वळली. रात्री रोहिणीला म्हणाली, मला धाकट्याकडं पोचीव. माझं नाव तिने त्या दिवसानंतर घेतलेलं नाही.

पाळक म्हणाले, प्याला भरतकडे जाऊ दे, त्याचा हक्क आहे. तो पिशवीत तळाशी आहे, रोहिणीच्या साडीत गुंडाळलेला. आईला माहीत नाही. टाक पुन्हा करून घे किंवा काय वाटेल ते कर. तिला कधी द्यायचा, द्यायचा की नाही, ते तू ठरव. मी तिच्यासाठी काही ठरवावं अशी माझी लायकी राहिलेली नाही. तिला आधी पेज दे, पातळ. एकदम घास देऊ नकोस.

गाडीला अजून वेळ आहे. ती स्टँडवर रोहिणीला टेकून बसली आहे आणि मी चहाच्या टपरीवर उभा राहून हे लिहितो आहे. एक गोष्ट वर खोटी लिहिली, ती दुरुस्त करतो. कोणी काही बोललं नाही असं मी लिहिलं. तसं नाही. मी तिची बोटं सोडवत होतो तेव्हा पाळक माझ्या मागेच उभे होते. त्यांना तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, तरी ते म्हणाले, "सोपान, राहू दे. धरू दे तिला. आम्ही थांबतो." दोनदा म्हणाले.

मी ऐकलं होतं.

सोपान